सोळा वर्षांच्या मुलाला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, गावातून निघू कशी?

वाडीतली_आई

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते, लिहायची पहिलीच वेळ. मोबाईलवर टाईप करतेय, चुका पोटात घाला.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात आशा सेविका आहे. नऊ वर्षं झाली. गरोदर बायांना तपासणीला न्यायचं, बाळंतिणीकडे घरभेटी, क्षयाच्या रुग्णाला गोळ्या, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी हाका मारून पोरं गोळा करायची, हे माझं काम. मध्यंतरी आरोग्य केंद्रातून टेलिमानसचं, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी फोनसेवेचं पोस्टर आलं होतं, १४४१६ नंबरचं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खळ लावून मीच ते चिकटवलं आणि बचत गटाच्या बैठकीत वाचूनही दाखवलं. आता माझ्याच घरात गरज पडलीय आणि तो नंबर माझ्याने लावला जात नाही.

मुलगा अकरावीला आहे, सायन्सला. दहावीला ७८ टक्के होते. अभ्यासापेक्षा मृदंगात जास्त जीव. वाडीच्या नमनात सातवीपासून वाजवतो. या गणपतीत भजनाला बोलवायला पोरं आली तर म्हणाला, हात दुखतोय. मी म्हटलं, असेल. मग दिवाळी गेली. आता शिमग्याच्या तालमी सुरू होतील, पण मृदंग अजून पोत्यात गुंडाळलेलाच आहे.

रात्री तीन-तीन वाजेपर्यंत जागा असतो. सुरुवातीला मला वाटलं मोबाईल बघत असेल. एकदा उठून बघितलं तर मोबाईल खाली पडलेला आणि हा आढ्याकडे बघत. सकाळी उठवला की अंगावर येतो. एकदा ताट भिरकावलं, मग तासभर पडवीत बसून राहिला. कॉलेजच्या दिवशी पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. इतका वाळलाय की पॅंट सुतळीने बांधतो. पोटासाठी दोन डॉक्टर झाले. सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. एकाने टॉनिक दिलं. दुसऱ्याने सांगितलं की वयात आलाय, होईल ठीक.

पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी मी चुलीशी होते. हा लाकडं आणून टाकत होता. टाकता टाकता म्हणाला, "आई, मी नसतो तर तुमचा केवढा खर्च वाचला असता." मला उत्तर सुचलं नाही. मी त्याला विचारलं, चहा घेतोस का. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितेय.

याचे वडील मुंबईला नोकरीला आहेत. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात येतात. फोनवर सांगितलं तर म्हणाले, मोबाईल काढून घे, बापूच्या आंब्याच्या कलमात कामाला घाल, सरळ होईल. सासूबाईंचं म्हणणं, "ह्याला भायेरचा लागलाय." गुरवांना बोलावून देवळात कौल लावला, राखणदाराचं राहिलंय असं निघालं, गाऱ्हाणं घातलं, नारळ-कोंबडा दिला. मीही हात जोडून उभी होते. नाही कशाला म्हणू, मनापासून जोडले होते.

आता अडचण सांगते. आमच्याकडे "याला रत्नागिरीला न्यायला हवा" या वाक्याचा अर्थ एकच होतो. इंग्रजांच्या काळापासून वेड्यांचं इस्पितळ तिथे आहे. लहान पोरंसुद्धा भांडताना एकमेकांना हेच म्हणतात. आणि मनाचे डॉक्टर तालुक्याला नाहीत, आहेत ते रत्नागिरीलाच. वस्तीची गाडी सकाळी सहाला सुटते, कंडक्टर ओळखीचा, गाडीत अर्धा गाव. जिल्ह्याच्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर मला बघितलं की विचारतात, "ताई, आज कोणाला आणलंत?" मी तिथे किती जणींना नेलंय. मुलाचं नाव सांगायचं कसं? संध्याकाळी मी परत येण्याआधी ते गावात पोचलेलं असेल. उद्या हीच माणसं म्हणतील, हिला स्वतःचं पोर सांभाळता येत नाही आणि आमच्या घरी तपासायला येते.

त्याला पोलीस भरतीला उतरायचंय. कागदावर नोंद राहिली तर? गोळ्या सुरू झाल्या की जन्मभर घ्याव्या लागतात का? आणि त्याला न नेता मी आधी एकटी जाऊन डॉक्टरांना विचारू शकते का? त्याला काय सांगून न्यायचं, हे तर मला अजिबातच सुचत नाही. कोणी यातून गेलं असेल तर कृपा करून लिहा.

सह्याद्रीकर

ताई, धीर सोडू नका. माझा पुतण्या असाच झाला होता. आम्ही त्याला महिनाभर पुण्याला आणून ठेवला, किल्ल्यांवर फिरवला, मोबाईल बंद केला. सुधारला. हवापालट करून बघा, लगेच डॉक्टर आणि गोळ्या नकोत असं मला वाटतं.

सुनंदा_म

सह्याद्रीकर, तुमचा पुतण्या बरा झाला याचा आनंद आहे. पण या मुलाच्या तोंडून एक वाक्य निघून गेलंय, त्यामुळे इथे महिनाभर वाट बघणं मला मान्य नाही.

मी सत्तावीस वर्षं सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात समाजसेविका होते, आता निवृत्त आहे. ताई, डॉक्टरांचं नंतर बघू. आधी आज रात्रीचं बघू.

जेवणं झाल्यावर, सासूबाई झोपल्यावर, त्याच्या शेजारी बसा. समोर बसू नका, शेजारी बसा. आणि सरळ विचारा: "त्या दिवशी तू म्हणालास मी नसतो तर. तुला मरून जावं असं वाटतं का?" शब्द बदलू नका, "वेडंवाकडं काही मनात नाही ना" असं तर मुळीच विचारू नका. त्या प्रश्नात "नाही म्हण" अशी विनवणी असते आणि मूल आईसाठी नाही म्हणतं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरेल ही भीती तुम्हाला वाटेल. प्रत्येक आईबापाला वाटते. तसं होत नाही. उलट एकट्याने वाहिलेलं ओझं जरा खाली ठेवता येतं. तो "हो" म्हणाला आणि कसं, कधी, हेही त्याने ठरवलेलं असेल, तर त्याला एक क्षणही एकटं ठेवू नका आणि सकाळच्या गाडीची वाट न बघता जे जवळचं रुग्णालय असेल ते गाठा. तिथे मनाचा डॉक्टर नसला तरी चालेल.

दुसरं, हे आजच. सध्या आंब्याच्या फवारणीचे दिवस आहेत. घरात, पडवीत, गोठ्यात कुठे फवारणीची औषधं असतील तर ती घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात गेली पाहिजेत. घरातल्या घरात लपवू नका, मुलांना सगळ्या जागा माहीत असतात. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा तुमच्या ताब्यात घ्या. असे विचार पुष्कळदा लाटेसारखे येतात. त्या वेळी हाताशी काही नसलं तर लाट ओसरते. माझ्या नोकरीत हे मी इतक्या वेळा बघितलंय की याबाबत मी कोणाचं ऐकून घेत नाही.

आता १४४१६. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येतं. फोन मुलानेच करायला हवा असं नाही, आईने केला तरी चालतो. "मला माझ्या मुलाबद्दल विचारायचंय" एवढं म्हणा. पलीकडे समुपदेशक असतात, गरज वाटली तर ते डॉक्टरांशी जोडून देतात. तुम्ही दुसऱ्यांसाठी चिकटवलेलं पोस्टर तुमच्यासाठीही आहे.

रत्नागिरीबद्दल. तुम्हाला मनोरुग्णालयात जायचंच नाहीये. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी जिल्ह्याच्या साध्या रुग्णालयात असते, जिथे डोळ्यांचे, कातडीचे, हाडांचे डॉक्टर बसतात तिथेच. वार आणि वेळ आधी फोनवर विचारून घ्या. पहिल्यांदा एकटी गेलात तरी चालेल, डॉक्टर ऐकून घेतात. पण मुलगा न बघता औषध देणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

मुलाला फसवून नेऊ नका. "पोट दाखवायला चाललोय" असं सांगून मनाच्या डॉक्टरांसमोर बसवलेली मुलं दुसऱ्यांदा येत नाहीत. पोट खरंच दुखतंय, तेच धरून बोला: झोप नाही, जेवण नाही, पोट दुखतं आणि तपासणीत काही निघत नाही, अशा त्रासाचे वेगळे डॉक्टर असतात, त्यांना विचारू. यात खोटं काही नाही. या वयात उदासी पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, चिडचिडीतून दिसते. म्हणून घरचे "माजलाय" म्हणतात आणि वर्ष जातं.

तुमच्याच घरी हे झालं असं वाटत असेल तर सांगते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता. तुमच्या हायस्कुलात तीनशे मुलं असतील तर वीस-बावीस झाली. त्यातली किती तुमच्या कानावर आली?

नोंदीचं: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क केलाय. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून माणसाला मानसिक आजारी ठरवता येत नाही, हेही त्यात लिहिलंय. भरतीला अजून दोन वर्षं आहेत, ताई. आज रात्रीचं मला उद्या सकाळी कळवा.

भूगोल_सर

मी सांगली जिल्ह्यात हायस्कूलला शिकवतो. एक बाजू आमचीही सांगतो. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजसेवक नेमावा. आमच्याकडे सध्या ते काम माझ्याकडे आहे, दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर. वेगळी खोली नाही. शिक्षक कक्षात मुलाला बोलावलं की चार डोकी आत-बाहेर करतात, मूल काय बोलणार? म्हणून मी मधल्या सुट्टीत त्या मुलाबरोबर मैदानाला फेऱ्या मारतो. चालताना मुलं बोलतात. चुका माझ्याकडून झाल्या आहेत. एका मुलीला मी भर वर्गात "हल्ली तुझं काही बिनसलंय का" विचारलं होतं. ती पुढे वर्षभर माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

ताई, कॉलेजात सगळ्यांना सांगू नका. एक भरवशाचे सर किंवा मॅडम शोधा आणि फक्त त्यांना सांगा. हजेरी आणि प्रॅक्टिकलचं त्यांच्याकडून सांभाळून घेतलं जाईल. डॉक्टरांकडून उपचार चालू असल्याचा दाखला मागून ठेवा.

मधलीसुट्टी

खातं आज उघडलं, फक्त तुमच्यासाठी. मी आता २१ वर्षांची आहे. सतरा वर्षांची असताना लातूरला नीटच्या क्लासला होते, खोली करून. तुमचा मुलगा लाकडं टाकताना जे बोलला ते मी फोनवर "आता मला घ्यायला या" असं बोलले होते. आई म्हणाली, टेस्ट झाली की ये. तिची चूक नव्हती, मी अर्धंच सांगितलं होतं.

शेवटी मी डॉक्टरकडे गेले ते आईच्या एका वाक्यामुळे. तेच तुम्हाला देते. ती म्हणाली, "तुझं काही चुकलेलं नाही. मला यातलं कळत नाही आणि मला भीती वाटते, म्हणून कळणाऱ्या माणसाकडे जाऊ. नाही आवडलं तर दुसरीकडे बघू." त्याआधी सगळे मला काय झालंय ते सांगत होते. तिने तिला काय होतंय ते सांगितलं.

डॉक्टर तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतील. बसा. नंतर "काय बोललास आत" असं विचारू नका. माझ्या आईने विचारलं नाही, म्हणून मीच तिला बसमध्ये सगळं सांगितलं.

गोळ्यांचं खरं सांगते. पहिला आठवडा मळमळ होती आणि काहीच फरक नव्हता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एके दिवशी लक्षात आलं की सकाळी उठून मी केस विंचरले होते, कोणी न सांगता. दोन महिन्यांनी बरं वाटलं म्हणून मनानेच बंद केल्या आणि पुन्हा खाली गेले, आधीपेक्षा वाईट. मग डॉक्टरांनी सांगितलं तसं हळूहळू कमी करत अकरा महिन्यांनी थांबवल्या. आता घेत नाही. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, काहींना नुसत्या बोलण्याच्या उपचारानेही बरं वाटतं.

मला सर्वात जास्त काय लागलं सांगू? मावशीने लग्नात चार बायकांत सांगितलं. तेव्हा सासूबाईंना किती सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा. त्याची गोष्ट आहे.

सुनंदा_म

मधलीसुट्टी, खूप बरं केलंस लिहिलंस ते. ताई, एक भर घालते. या वयात गोळ्या सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवायचं असतं. एकदम अस्वस्थ झाला, झोप पारच उडाली, मरणाचे विचार वाढले असं दिसलं तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. याचा अर्थ गोळ्या वाईट असा नाही.

वाडीतली_आई

काल रात्री विचारलं. तुम्ही सांगितलं तसंच, त्याच शब्दांत. माझा आवाज फुटत नव्हता. तो बराच वेळ बॅटरीचं बटण दाबत राहिला, चालू-बंद, चालू-बंद. मग म्हणाला, "कधी कधी." मी विचारलं, कसं ते ठरवलंयस का. म्हणाला, नाही, फक्त सकाळी जाग येऊ नये असं वाटतं. मग मी रडले. त्याने मला पाणी आणून दिलं. त्यानंतर तो पहाटेपर्यंत माझ्या बाजूला झोपला, लहानपणी झोपायचा तसा.

बापूभाऊजींच्या कलमांचं फवारणीचं सामान आमच्या पडवीतच होतं. दोन डबे आणि एक बाटली. रोज त्याच्यावरून ये-जा करतो आम्ही, माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. सकाळीच भाऊजींना सांगून त्यांच्या पंपाच्या खोलीत कुलपात ठेवलं. कारण विचारलं तर म्हटलं, गुरं तोंड घालतात.

१४४१६ ला गोठ्यातून फोन केला. पहिल्यांदा रेंज गेली. दुसऱ्यांदा लागला, एक बाई होत्या, पंचवीस मिनिटं बोलल्या. त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः जेवता-झोपता का. हे मला इतक्या महिन्यांत कोणी विचारलं नव्हतं.

मधलीसुट्टी, बाळ, तुझं वाक्य मी वहीत लिहून घेतलंय.

वाडीतली_आई

दहा दिवसांनी लिहितेय. जाऊन आलो.

त्याला तेच वाक्य सांगितलं. लगेच हो म्हणाला नाही. दोन दिवसांनी न्हाणीच्या दारात उभा राहून म्हणाला, "पण मला तिथे ठेवणार नाहीत ना?" म्हणजे हाही रत्नागिरीलाच घाबरत होता आणि मला ते कळलं नव्हतं. मी सांगितलं, आपण डोळ्यांच्या डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत जाणार, आणि संध्याकाळच्या गाडीने परत येणार.

सहाच्या गाडीनेच गेलो. आधी ठरवलं होतं की भावाच्या मोटारसायकलने पुढच्या स्टॉपवर जाऊन दुसरी गाडी पकडायची. पहाटे चुलीपुढे बसून विचार केला, एकदा चोरून गेलं तर दर वेळी चोरून जावं लागेल. माझं अर्धं तिकीट, त्याचं पूर्ण. कंडक्टरनी विचारलं, आज कोण पेशंट? मी म्हटलं, हाच. त्याला झोप लागत नाही. ते बरं म्हणाले आणि पुढे गेले. हातखंब्याला गाडी थांबली तेव्हा याने खिडकीतून मान न वळवता विचारलं, "तू त्यांना का सांगितलंस?" मी म्हटलं, पोट म्हटलं असतं तर चाललं असतं ना, मग झोप म्हटलेली पण चालायला हवी. तो काही बोलला नाही. चिडलाही नाही.

केसपेपरच्या खिडकीवर तोच प्रश्न आला. मी त्याचं नाव सांगितलं, आडनावासकट. त्यांनी एकदा वर बघितलं, नाव लिहिलं आणि मला खोली सांगितली. एवढंच झालं. या एवढ्याशा गोष्टीसाठी मी पाच महिने घालवले, हे मला अजून खुपतंय.

डॉक्टरांनी मला आधी दहा मिनिटं ऐकलं, मग बाहेर बसवलं. बाकावर माझ्या शेजारी एक बाप बसला होता, मुलगी चौदा-पंधराची असेल. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही. नंतर त्यांनी मला बिस्किटाचा पुडा पुढे केला.

मुलगा आत अर्धा तास होता, नंतर मानसतज्ज्ञ मॅडमकडे आणखी तेवढाच. नैराश्य आहे म्हणाले. एक गोळी दिलीय, आधी कमी प्रमाणात. पंधरा दिवसांनी बोलावलंय. झोपायची-उठायची वेळ आणि रोज एक छोटं काम त्यानेच ठरवून लिहायचं. त्याने काय लिहिलंय ते मी बघितलेलं नाही. येताना बसमध्ये मला काही सांगितलं नाही त्याने, झोपला. वडापाव मात्र दोन खाल्ले.

फरक अजून काही नाही. काल पुन्हा कॉलेजला गेला नाही. सासूबाईंना त्याने स्वतःच सांगितलं, "आजी, माझ्या झोपेची गोळी आहे." त्या गोळी घ्यायच्या आधी अंगारा लावतात, तो लावू देतो. मी मध्ये पडत नाही. याच्या वडिलांचं मात्र कठीण आहे. फोनवर म्हणाले, तू पोराला वेडा ठरवून आलीस. रात्रभर मला झोप नाही. त्यांना कसं समजावू?

सुनंदा_म

तुम्ही समजावू नका. नवऱ्याला समजावण्याची जबाबदारी एकट्या बाईवर आली की तिथेच उपचार थांबलेले मी बघितलेत. पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या त्यांना फोन लावा आणि फोन डॉक्टरांच्या हातात द्या. मुलाची हरकत नसेल तरच. आणि लाकडं टाकताना तो काय बोलला, ते वाक्य वडिलांना सांगितलंय का तुम्ही?

वाडीतली_आई

नव्हतं सांगितलं. काल सांगितलं. पलीकडे इतका वेळ आवाज नव्हता की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, शिमग्यापर्यंत थांबत नाही, शनिवारी येतो.

पुढची तारीख मंगळवारची आहे. त्या दिवशी गावात लसीकरण होतं. सिस्टरना सांगून शेजारच्या आशाताईंना उभं केलंय.